९.८ कशाचे?

बोरिवलीच्या किंवा घाटकोपरच्या कुठल्याही सराफाकडे आज काउंटरवर काचेच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक काटा दिसतो. सोनार बांगडी अलगद ठेवतो, पेटीचं दार लावतो, आकडे क्षणभर थरथरतात आणि स्थिरावतात. या जागी पूर्वी तराजू असे: एका पारड्यात दागिना, दुसऱ्यात वजनं. आकडा दोन्हींवर तोच येतो, पण ही दोन यंत्रं एकच गोष्ट मोजत नाहीत. तराजू तुलना करतो. पृथ्वी दागिन्याला ओढते तशी वजनांनाही ओढते, त्यामुळे तोच तराजू चंद्रावर नेला तरी दहा ग्रॅमची बांगडी दहा ग्रॅमचीच भरेल. काट्याला दुसरं पारडंच नाही. बांगडी खालच्या लोडसेलला, म्हणजे दाब मोजणाऱ्या भागाला, किती जोराने दाबते, एवढंच त्याला कळतं. तो मोजतो बल, आणि पडद्यावर दाखवतो ग्रॅम.

दाबावरून ग्रॅम काढायचे तर मध्ये एक भागाकार येतो, आणि त्यातला भाजक जागेनुसार बदलतो. अंधेरी-मुलुंडच्या अक्षांशावर तो सुमारे ९.७८६ आहे, लंडनमध्ये ९.८१२, ध्रुवांवर ९.८३२. लंडनमध्ये जुळवलेला काटा जसाच्या तसा अंधेरीत आणून त्यावर शंभर ग्रॅम सोनं ठेवलं, तर पाव ग्रॅमहून थोडं अधिक सोनं हिशेबातून गायब होईल. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजन ठेवून जुळवतात, आणि वैधमापन विभागाकडून त्याची ठरावीक काळाने तपासणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो.

हा ९.७८६ नेमका कशाचा आकडा आहे, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे.

दहावीच्या बालभारतीच्या विज्ञान पुस्तकाचं पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं. सुरुवातीला गुरुत्वाकर्षण हे बल म्हणून भेटतं: दोन वस्तुमानांचा गुणाकार, त्यांच्यातल्या अंतराच्या वर्गाने भागाकार, एकक न्यूटन. थोडी पानं उलटली की ‘गुरुत्व त्वरण’ येतं, त्याचं एकक मीटर प्रति सेकंद वर्ग. हुशार मुलगी इथे अडते आणि अडायलाच हवी. गुरुत्वाकर्षण बल असेल तर त्याची ओळख त्वरणाच्या आकड्याने का करून द्यायची? आणि ते त्वरण असेल, तर बाकावर पडलेल्या वहीला ९.८ चं त्वरण आहे कुठे? ती तर जागची हललेलीही नाही.

न्यूटनला ही अडचण ठाऊक होती. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त नियम सांगण्याआधी त्याने व्याख्या दिल्या आहेत, आणि केंद्राकडे खेचणाऱ्या बलाची त्याने एक नव्हे, तीन मापं सांगितली आहेत. पहिलं माप खेचणाऱ्याचं: पृथ्वी मोठी म्हणून तिचं सामर्थ्य मोठं. दुसरं माप जागेचं: अमुक ठिकाणी सोडलेल्या वस्तूचा वेग ठरावीक वेळात किती वाढेल. तिसरं माप खेचल्या जाणाऱ्या वस्तूचं: तिचं वजन. दुसरं माप त्वरणाचं, तिसरं बलाचं. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी ही तीन मापं एकत्र कालवली आणि ‘बल की त्वरण’ हा वाद उभा राहिला. न्यूटनपुरतं बोलायचं तर उत्तर सरळ आहे: बांगडीबद्दल विचारत असाल तर बल, आणि अंधेरीबद्दल विचारत असाल तर ९.७८६.

हा जागेचा आकडा सांगायची दुसरी रीतही आहे. ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणण्याऐवजी ९.७८६ न्यूटन प्रति किलोग्रॅम म्हणायचं. गणिताने दोन्ही एककं अगदी एकच, पण चित्र वेगळं उभं राहतं. इथे एक किलो ठेवलंत तर पृथ्वी त्याला ९.७८६ न्यूटनने ओढेल, मग ते पडत असो की फळीवर गप्प बसलेलं असो. बाकावरच्या वहीचं कोडं इथे उरतच नाही. शाळेत आधी ही रीत शिकवावी आणि त्वरण नंतर आणावं. पडणं हा या आकड्याचा एक परिणाम आहे, त्याचा अर्थ नव्हे.

मात्र इथवर येऊन थांबता येत नाही, कारण त्वरणाची बाजू वाटते त्याहून कितीतरी भक्कम आहे.

गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात एक युक्तिवाद मांडला. जड दगड वेगाने पडतो आणि हलका सावकाश, असं मानू. दोन्ही दगड एकत्र बांधले तर काय होईल? हलका दगड जड दगडाला मागे खेचेल, म्हणून जोडी जड दगडापेक्षा हळू पडेल. पण जोडी तर जड दगडाहूनही जड आहे, म्हणून ती वेगाने पडायला हवी. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. सुटका एकच, सगळे दगड सारखे पडतात. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चा कमांडर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर, जिथे हवा नाही, तिथे एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस सोडलं. दोन्ही बरोबरच जमिनीला टेकले. हंगेरीच्या लोरांड इयोत्व्होशने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीळ खाणाऱ्या तारेवर टांगलेल्या तराजूने हेच कैक पट काटेकोरपणे तपासलं, आणि २०१६ साली सोडलेल्या फ्रान्सच्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहाने प्लॅटिनम आणि टायटॅनियमचं पडणं एक अब्जांशाच्याही दशलक्षाव्या भागापर्यंत सारखं असल्याचं दाखवलं.

बाकीची बलं अशी वागत नाहीत. चुंबक लोखंडाला ओढतो आणि पितळेला जवळजवळ विचारतही नाही. गुरुत्वाकर्षण मात्र सोनं, लाकूड, माणूस असा भेद करत नाही. ते बल आहे म्हणावं, तर ते प्रत्येक वस्तूसाठी नेमकं तिच्या वस्तुमानाच्या मापाचं कापून येतं, म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला त्वरण सारखंच यावं. न्यूटनच्या व्यवस्थेत हा निव्वळ योगायोग ठरतो. एखाद्या वस्तूला ढकलणं किती अवघड, हे सांगणारं वस्तुमान आणि पृथ्वी तिला किती ओढते, हे सांगणारं वस्तुमान एकच का असावं, याचं कारण तिथे नाही. वस्तूला ढकलताना जाणवणारं जडत्व मुळात येतं कुठून, याचा शोध कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉएल यांच्याबरोबर १९६४ साली मांडलेल्या सिद्धांतात घेतला. विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळे वस्तूला जडत्व लाभतं, या भौतिकशास्त्रज्ञ माखच्या जुन्या कल्पनेला त्यांनी गणिती रूप दिलं. तो सिद्धांत सर्वमान्य झाला नाही, पण त्याने हात घातला तो प्रश्न खरा होता.

आइनस्टाइनने या योगायोगालाच पाया केलं. १९०७ साली, बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करत असताना, त्याच्या मनात आलं की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडत असेपर्यंत स्वतःचं वजन जाणवणार नाही. त्याच्या हातून सुटलेली अवजारं त्याच्या शेजारीच तरंगतील. आयुष्यातला सर्वांत सुखद विचार, असं तो पुढे याबद्दल म्हणाला.

हा विचार आज कोणाच्याही खिशात तपासता येतो. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये त्वरणमापक असतो. फोन आडवा धरला की चित्र फिरतं ते त्याच्यामुळे. चिपच्या आत सिलिकॉनचा एक कण सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो आणि तो आजूबाजूच्या चौकटीच्या तुलनेत किती मागे राहतो, ते मोजलं जातं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे फुकट ॲप उघडावं, गुरुत्वासह त्वरण दाखवणारा पर्याय निवडावा आणि फोन टेबलावर उताणा ठेवावा. पडद्यावर ९.८ च्या आसपास आकडा येतो. दिशा? वर. छताकडे.

आता तोच फोन पलंगावरच्या जाड गादीवर मीटरभर उंचीवरून सोडावा. पडायला त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा कमीच वेळ लागतो, पण नोंद झालेला आलेख नीट दिसतो: हातात असताना ९.८ ची सपाट रेषा, सोडताच ती शून्याजवळ कोसळते, मग गादीवर आदळल्याचा उंच सुळका, आणि पुन्हा ९.८. म्हणजे आपण ज्याला त्वरणाने पडणं म्हणतो त्या वेळात त्वरणमापक शून्य दाखवतो, आणि ज्याला स्थिर असणं म्हणतो तेव्हा ९.८. यंत्र बिघडलेलं नाही. टेबल फोनच्या चौकटीला वर रेटतं, कण मागे राहतो, आणि यंत्र तेवढंच सांगतं. पडताना रेटणारं कोणीच नसतं. आइनस्टाइनच्या भाषेत, फोन पडत असतो तेव्हाच मोकळा असतो. टेबलावर ठेवल्यावर टेबल त्याला सतत त्याच्या नैसर्गिक वाटेवरून बाजूला ढकलत असतं.

आपल्याला जाणवणारं वजन त्यामुळे पृथ्वीच्या ओढीचं नसतं, ते जमिनीच्या रेट्याचं असतं. मुलुंडच्या एखाद्या उंच टॉवरच्या लिफ्टमध्ये वजनाचा काटा घेऊन उभं राहिलं, तर लिफ्ट वर निघताना साठ किलोचा माणूस सहासष्ट किलोच्या आसपास भरतो, लिफ्टचं त्वरण एक मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर. वेग स्थिर झाला की पुन्हा साठ, आणि वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबताना चोपन्न. पृथ्वीने या दरम्यान आपली ओढ जराही बदललेली नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचीही हीच गोष्ट. २०२५ च्या उन्हाळ्यात अंतराळवीर शुभांशू शुक्ला तिथे तरंगत होते, आणि दूरचित्रवाणीवर ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य पुन्हापुन्हा ऐकू आलं. जमिनीपासून ४०० किलोमीटरवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसं बरोबरच पडत असतात, इतकंच.

लोकलही हेच दाखवते. अंधेरीहून गाडी सुटताना रॅकला अडकवलेली पिशवी मागे कलते. गाडीचं त्वरण सुमारे अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर हा कल तीन अंशांचा येतो. फलाटावरचा माणूस म्हणेल, गाडी पुढे निघाली आणि पिशवी मागे राहिली. डब्यातला माणूस खिडक्या बंद करून म्हणू शकेल, ‘खाली’ ही दिशाच तीन अंशांनी फिरली. पिशवीला दोन्ही उत्तरं सारखीच लागू पडतात. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण यांत डब्याच्या आतून फरक करता येत नाही. आइनस्टाइनच्या समतुल्यतेच्या तत्त्वाचा गाभा हाच.

हे पचायला किती जड आहे याचा अभ्यास मुंबईच्या उपनगरातच झाला आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या विज्ञान शिक्षणाला वाहिलेल्या शाखेत, सुधीर पानसे, जयश्री रामदास आणि अरविंद कुमार यांनी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना निरीक्षकाची चौकट म्हणजे काय, हे खोदून विचारलं. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसतं की मुलं चौकटीला एखादी ठोस वस्तू समजतात. गाडीची चौकट गाडी असेल तिथवरच, आणि काही गती ‘खऱ्या’, तर काही नुसत्या ‘भासणाऱ्या’. याच केंद्राचे अरविंद कुमार आणि अतनु बंद्योपाध्याय यांनी पुढे, २०११ साली, थेट समतुल्यतेच्या तत्त्वाबद्दल विद्यार्थी काय समजतात यावरच निबंध लिहिला. अवघड भाग गणितात नाही, हे अशा कामांतून ठळक होतं. पडणारा माणूस मोकळा आणि उभा असलेला ढकलला जाणारा, हे पहिल्यांदा ऐकताना मन नकार देतं, आणि ज्या वर्गात त्या नकाराला जागा मिळत नाही, तिथे मूल व्याख्या पाठ करून पुढे जातं.

जमिनीखालचा शोध घेणाऱ्या भूशास्त्रज्ञांना मात्र ‘बल की त्वरण’ हा प्रश्न पडत नाही. त्यांना जागेचं माप हवं असतं, म्हणून ते त्वरणच मोजतात, आणि तेही गॅलिलिओच्या नावाने ठेवलेल्या ‘गल’च्या हजाराव्या भागात, मिलिगलमध्ये. एक मिलिगल म्हणजे ९.८ च्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाइतका. त्यांच्या गुरुत्वमापकात स्प्रिंगला टांगलेलं एक वजन असतं. जमिनीखाली खडक जरा जड असला की ते किंचित अधिक ताणतं. मुंबईच्या किनाऱ्यावर ही मापं घेतली तेव्हा गुरुत्वाचा आकडा अपेक्षेपेक्षा वर निघाला. एम. ताकिन यांनी १९६६ साली या फुगवट्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. सर्वसाधारण स्पष्टीकरण असं की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला त्या काळात या किनाऱ्याखाली दाट, जड अग्निजन्य खडक बराच वरपर्यंत घुसला. त्या काळाचा एक तुकडा जमिनीच्या वर उघडा उभा आहे: अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी, बसाल्टच्या उभ्या खांबांचा सुमारे दोनशे फुटी सुळका, चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेला. पायथ्याच्या वस्तीतून वर पाहताना त्या खांबांच्या कडा हाताने मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात.

९.७८६ या आकड्यातही निव्वळ ओढ नाही, हेही इथेच सांगायला हवं. पृथ्वी फिरते, आणि मुंबईच्या अक्षांशावर त्या फिरण्याने या आकड्यातून सुमारे ०.०३ वजा होतात. काट्याला ओढ वेगळी आणि फिरणं वेगळं ओळखता येत नाही. त्याला एकच आकडा मिळतो.

मग पडल्यावर गुरुत्वाकर्षण नाहीसंच होतं का? फोन पडताना शून्य दाखवतो, स्थानकात माणसं तरंगतात. तर खरं असं काही उरतं की नाही? उरतं, आणि ते वर्सोव्याच्या कोळीवाड्यात रोज दिसतं.

पृथ्वीसुद्धा पडतेच आहे: सूर्याकडे, आणि चंद्राकडेही. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या जवळपास १८० पट जोराने ओढतो. केवळ बलाचा प्रश्न असता तर वर्सोव्याची भरती सूर्याच्या वेळापत्रकाने आली असती. प्रत्यक्षात भरतीत चंद्राचाच वरचष्मा. सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण असं की पृथ्वी आणि तिच्यावरचं पाणी एकत्र पडतात तेव्हा सगळ्यांना सारखी असलेली ओढ कोणालाच जाणवत नाही. जाणवतो तो फरक. चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा किंचित अधिक ओढलं जातं, पलीकडचं किंचित कमी, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा येतो आणि दिवसातून दोनदा भरती. चंद्र जवळ असल्याने या टोकाच्या आणि त्या टोकाच्या ओढीतला फरक मोठा. सूर्य इतका लांब की त्याची प्रचंड ओढ पृथ्वीभर जवळजवळ सारखीच.

हा फरक ९.८ च्या एक कोटीव्या भागाइतका आहे. त्याने पाणी सरळ वर उचललं जात नाही. ते आडवं सरकत जाऊन जमा होतं, आणि मुंबईसमोरचा समुद्रतळ रुंद आणि उथळ असल्याने इथे ते चांगलंच चढतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पावसाळ्यापूर्वी महापालिका साडेचार मीटरहून मोठ्या भरत्यांच्या तारखा जाहीर करते, कारण त्या वेळी मुसळधार पाऊस आला तर नाले समुद्रात रिकामे होत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, दुपारी भरती होती, आणि मिठी नदीला पाणी टाकायला जागाच उरली नाही. ज्यांनी तो दिवस कुर्ल्यात किंवा कलिन्यात काढला, त्यांना त्या एक कोटीव्या भागाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आइनस्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये पुऱ्या केलेल्या सिद्धांतात खरं गुरुत्वाकर्षण म्हणजे हा फरकच आहे. एका ठिकाणची ओढ पडून घालवता येते. दोन ठिकाणच्या पडण्यातला फरक काही केल्या घालवता येत नाही. त्यालाच तो अवकाश-काळाची वक्रता म्हणतो. न्यूटनचं वजन वस्तूचं, ९.७८६ जागेचा, आणि ही वक्रता शेजारशेजारच्या जागांची. ‘बल की त्वरण’ असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला तीनही उत्तरं मिळायला हवीत, आणि याच क्रमाने. नववी-दहावीत पहिली दोन, आणि भरतीच्या निमित्ताने तिसऱ्याची ओळखही. एक जरी गाळलं तरी बाकीची अर्धवट वाटतात.

पडण्यातल्या या फरकावरच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि त्यांच्या टोकांना तलम धाग्यांवर टांगलेले आरसे, आडव्या दिशेने जणू मोकळे पडत असल्यासारखे. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली की एका नळीतलं अंतर किंचित वाढतं आणि दुसरीतलं घटतं. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा असा धक्का टिपला, तेव्हा चार किलोमीटरच्या नळीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशाइतकाच होता. यंत्रातल्या गोंगाटातून इतका सूक्ष्म संकेत वेचायच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काम करत होते, जेव्हा टिपायला एकही लहर हाती नव्हती. औंढ्याचे आरसे टांगले गेले की ते कोणाची ओढ मोजणार नाहीत आणि कोणा एका वस्तूचं त्वरणही नाही. चार किलोमीटर अंतरावरचे दोन आरसे पडताना एकमेकांपासून किती दुरावले, एवढंच ते सांगतील.